परत चाललेलं भांडं

ही गोष्ट खरी आहे.

खोटी गोष्ट सांगणाराही सुरुवात अशीच करतो, हे मला ठाऊक आहे. पण ज्यांच्या घरी ही घडली ते सहदेव तायडे माझे सख्खे साडू. एका सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेत त्यांनी एकतीस वर्षं काढली. कल्पनाशक्ती असलेला माणूस त्या शाखेत एकतीस दिवस काढत नाही.

तर तारीख १९ मे २०२४. वार रविवार. ठिकाण अकोला, जठारपेठ, पहिला मजला.

वेळ दुपारी तीन वाजून दहा मिनिटं.

हो, दुपार. अशा गोष्टी रात्री बाराला घडतात असा नियम आहे. पण मे महिन्यात अकोल्यात रात्री बाराला अर्धं गाव गच्चीवर जागं असतं. कोणी गादीवर पाणी शिंपडतो, कोणी वीजवाल्यांना शिव्या देतो. खरी निर्जन वेळ दुपारी तीनची. पारा शेहेचाळीस. रस्त्यावर कुत्रं नाही. तेव्हा दार वाजलं तर माणूस आधी घाबरतो, मग उघडतो.

त्या दिवशी दार वाजलं नाही.

सहदेवरावांना छंद होता जुन्या विलायती चिनी मातीच्या भांड्यांचा. स्टॅफर्डशायरच्या निळ्या बशा, डेल्फ्टच्या टाइल्स, जर्मन मग, फ्रेंच साखरदाणी. कापसाच्या धंद्यापायी एके काळी बरेच साहेब लोक वऱ्हाडात राहून गेले आणि जाताना कपबशा सोडून गेले. त्या आता कोणाच्या माळ्यावर सापडतात, कोणाच्या गोठ्यात, कोणाच्या न्हाणीत साबण ठेवायला. बावीस वर्षांत सहदेवरावांच्या हॉलमध्ये तीन काचेची कपाटं भरली होती. त्यातल्या एकाही कपातून कोणी कधी चहा प्यालं नव्हतं.

"आमच्या घरी कप दोन परकारचे," माया म्हणायची. माया म्हणजे त्यांची बायको, माझी मेहुणी. "पाहाचे अन् प्याचे. मले प्याच्यांत धरा."

लग्नाला एकोणतीस वर्षं झाली होती. भांडण नव्हतं. भांडायला दोन माणसं एका खोलीत लागतात.

चिनी मातीचं भांडं पारखायची एक साधी रीत आहे. भांडं तळहातावर तोलायचं आणि कडेला नखानं टिचकी मारायची. अखंड असेल तर ते गातं... टिंऽऽग. केसाएवढी जरी भेग असली तरी नुसतं म्हणतं, ठक्क. सहदेवराव डोळे मिटून सांगायचे, कपाटातला कोणता कप वाजला.

म्हणून तर त्या रविवारी त्यांना लगेच कळलं.

ते आतल्या खोलीत पलंगावर पडले होते. शेजारी माया झोपली होती. वीज गेली. कूलर घरघरत थांबला आणि घर एकदम बहिरं झालं.

आणि हॉलमधून आवाज आला...

टिंऽऽग.

पहिल्या कपाटातली स्टॅफर्डशायरची बशी. वरचा कप्पा, डावीकडून पहिली.

थोडा वेळ गेला. कोणीतरी ऐकत असावं, तेवढा वेळ.

मग दुसरी बशी. मग तिसरी...

सहदेवराव उठले. हॉलमध्ये कोणी नव्हतं. बाहेरच्या दाराला आतून कडी. तिन्ही कपाटांना कुलूप, आणि किल्ली त्यांच्या गळ्यातल्या दोऱ्यात. त्यांनी पहिलं कपाट उघडून पहिली बशी हातात घेतली. नखानं टिचकी मारली.

ठक्क.

भिंग आणलं. उजेडासमोर धरलं. भेग नाही. चरा नाही. बशी धडधाकट.

पुन्हा टिचकी. ठक्क.

तिचा आवाज गेला होता.

आता आदल्या रविवारी काय झालं ते सांगायला हवं.

त्या दिवशी सहदेवराव अमरावतीला गेले होते. कॅम्पाच्या पलीकडे रामराव नावाचे एक वयस्कर गृहस्थ राहतात. घरचा फुला-भाजीचा मळा. त्यांचे वडील एका परदेशी कापूस कंपनीच्या मॅनेजरच्या बंगल्यावर रोज भाजी न् फुलं पोचवायचे. तो बंगला आता नाही. मळ्याचेही आता प्लॉट पडले होते आणि रामराव फ्लॅटमध्ये जायला निघाले होते. घरातलं एक जुनं भांडं कोणाला द्यावं, या विचारात ते होते.

भांडं सूप वाढायचं होतं. पांढरंशुभ्र, पोटाशी गोल, दोन कान, वर झाकण आणि झाकणाची मूठ लिंबाच्या आकाराची. लिंबाला दोन हिरवी पानंसुद्धा. सहदेवराव भांड्याजवळ सरकून बसले.

"मी झालो तवा मडमीनं मायले याच्यात सूप पाठवलं होतं," रामराव म्हणाले. त्यांची आई दुर्गाबाई नव्वदीला पोचून गेली होती. "भांडं आपल्याकडंच राह्यलं. मायनं जलमभर सांभाळलं."

आत मूठभर ज्वारी होती.

"ते दाने तेवढे राहू द्या, साहेब."

"हो हो," सहदेवराव म्हणाले.

ते ऐकत नव्हते. जुन्या भांड्याचा शौकीन भांडं मिळालं की आधी एकच गोष्ट करतो. उपडं करतो. कारखान्याची छाप तळाला असते. तिथल्या तिथे उपडं करण्याइतके ते असंस्कृत नव्हते. घरी आल्यावर त्यांनी ज्वारी वर्तमानपत्रावर ओतली, तळाच्या निळ्या छापेचा फोटो काढला, व्हॉट्सअॅपच्या शौकिनांच्या गटावर टाकला. दाणे खिडकीत चिमण्यांना टाकले. भांडं रिठ्याच्या पाण्यात भिजवून, पुसून, तिसऱ्या कपाटात मधोमध ठेवलं.

छापेवर एकशे चार प्रतिक्रिया आल्या.

चिमण्यांनी दाणे खाल्ले नाहीत. पण ते तेव्हा कोणी पाहिलं नाही.

सोमवारी, म्हणजे वीस तारखेला, वीज पुन्हा तीनला गेली.

पहिलं कपाट संपून दुसरं सुरू झालं होतं. टिंऽऽग... मग शांतता... मग पुढचं. घाई नाही. खरीददार पारखून घेतो तशी एकेक टिचकी. सहदेवराव आठवड्याची रजा टाकून हॉलमध्ये खुर्चीवर बसले होते. समोर काचेआड कप जागचा हलत नव्हता. नुसता वाजत होता.

आणि वाजला की मुका होत होता.

"काहो," माया आतून म्हणाली, "तुमी चमचा वाजवून राहिले का? झोपू तं द्या."

"मी नाही."

"मंग कोन? भूत?"

सहदेवराव पुढच्या कपाकडे पाहू लागले. तिचंही उत्तराकडे लक्ष नव्हतं. ती कूस बदलून झोपली.

मंगळवारी तिसरं कपाट झालं. सगळं झालं, फक्त लिंबाच्या मुठीचं ते भांडं सोडून. त्याला टिचकी बसली नाही.

बुधवारी आवाज स्वयंपाकघरात गेला.

स्टीलचे डबे. पितळेचं गंज-पातेलं. काचेच्या बरण्या. संध्याकाळी मायाच्या हातून ताट पडलं... आणि आवाजच झाला नाही. ताट फरशीवर फिरत फिरत थांबलं, आवाज बंद केलेल्या टीव्हीत पडल्यासारखं.

माया ताटाकडे पाहत राहिली. मग नवऱ्याकडे.

"तुमी काय आनलं घरात?" तिनं विचारलं.

सहदेवरावांनी भांड्याची सगळी हकीकत सांगितली. किती वर्षांनी ते तिच्याशी सलग पाच मिनिटं बोलत होते, हे त्यांच्या मागाहून ध्यानात आलं.

गुरुवारी दोघंही झोपले नाहीत. पलंगावर पडून राहिले. सहदेवराव दाराच्या बाजूला, माया भिंतीच्या बाजूला.

वीज गेली.

स्वयंपाकघरात काही नाही. हॉलमध्ये काही नाही.

मग पलंगाच्या लोखंडी दांड्यावर... टिंऽऽग.

आणि मग सहदेवरावांच्या उजव्या कोपरावर कोणीतरी नखानं हलकेच टिचकी मारली.

दुखलं नाही. गार लागलं नाही. काहीच झालं नाही. तेच तर झालं.

त्या संध्याकाळी त्यांनी गॅसवरचं पातेलं उघड्या हातानं उतरवलं. तळहाताला फोड आले तेव्हा ते त्यांना दिसले, जाणवले नाहीत. भाजीत मीठ आहे की नाही ते कळेना. डॉक्टरांनी शुगर तपासली. नॉर्मल निघाली. डॉक्टरांनी ती परत तपासली. परतही नॉर्मल निघाल्यावर ते जरा नाराज झाले आणि म्हणाले, ताण घेऊ नका.

ताण नव्हता. भीतीही नव्हती, सहदेवराव मला म्हणाले. भीती कुठे असते ती जागा ठाऊक होती, तिथे हात घातला तर हाताला काही लागत नव्हतं.

पण हिशेब त्यांना कळत होता. आवाज दारापासून आत येत होता. हॉल, स्वयंपाकघर, पलंग, दाराकडचा माणूस.

पुढे भिंतीकडचा.

शुक्रवारी सकाळी सहाच्या एसटीनं ते भांडं मांडीवर घेऊन अमरावतीला गेले.

रामराव खाटेवर बसून शेवंतीची रोपं वेगळी करत होते. त्यांनी आधी भांडं पाहिलं. मग झाकण उचलून आत पाहिलं.

"धुतलं," ते म्हणाले.

"हो."

"मी म्हटलं होतं, दाने राहू द्या."

"तुमचं भांडं तुम्ही परत घ्या."

"माझं कुठचं जी? मडमीचं हाये." रामरावांनी झाकण ठेवलं. "शेजारनीनं भाजी पाठवली तं भांडं रिकामं परत देता का तुमी? नाई. मूठभर काईतरी टाकता. मायनं दाने टाकून ठेवले होते. माय म्हने, दाने हायेत तोवर भांडं आपन ठेवून घेतलं असं होत नाई. ते परत चाललेलं हाये. दाने काढले का मंग ते दाबून ठेवलेलं झालं. मंग मालकीन पाहाले येते."

"काय पाहायला?"

"आपलं कोनतं हाये थे."

सहदेवराव म्हणाले, "मग टाका ना ज्वारी."

"माझी काहून? भांडं तुमच्या घरी. दाने तुमच्या घरचे पायजे. घरचे म्हंजे घरचे. इकत आनलेले चालत नाई."

परतीच्या बसमध्ये सहदेवराव बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंत एकच विचार करत होते. आपल्या घरचं काय आहे? शेती वडिलांच्या आधीच नव्हती. गहू दुकानातून येतो. तांदूळ मोबाइलवरून येतो. तुळस नर्सरीतली. तीन कपाटं विलायती. एकोणतीस वर्षांचा संसार, आणि त्यात मूठभर काही घरचं म्हणून नाही.

घरी पोचले तेव्हा अडीच वाजले होते.

मायानं सगळं ऐकून घेतलं. मग ती हसली.

"बस, एवढंच? अन् माह्या मुंगवड्या कोनाच्या घरच्या आहेत?"

ती गच्चीवर गेली. महिनाभर ती तिथे वाळवण घालत होती. मुंगवड्या, कुरड्या, सरगुंडे. सहदेवरावांना ते माहीत नव्हतं. गच्चीचा जिना घराच्या मागून होता आणि त्यांची कपाटं पुढे. मूग बाजारातले होते, हे खरं. पण ते भिजवून, वाटून, एकेक वडी चिमटीनं तिनं घातली होती. तिनं ओंजळभर वड्या भांड्यात टाकल्या, झाकण ठेवलं आणि भांडं हॉलमध्ये, दाराजवळच्या टीपॉयवर ठेवलं. परत द्यायची वस्तू आपण ठेवतो तशी.

तीन वाजले. वीज गेली.

दोघं पलंगावर बसून होते. सहदेवरावांनी मायाचा हात धरला होता. तो गरम होता की गार, त्यांना सांगता येत नव्हतं.

साडेतीन झाले.

आवाज आला नाही.

चार वाजता कूलर सुरू झाला. माया म्हणाली, "चला. झालं. चहा ठेवते."

गोष्ट इथे संपली असती तर मी ती तुम्हाला सांगितली नसती.

सोमवारी सत्तावीस तारखेला सहदेवराव कार्यालयातून आले. माया टीपॉयजवळ उभी होती. भांड्याचं झाकण बाजूला काढलेलं. हातात चमचा.

"वड्या नाईत," ती म्हणाली.

"मग काय आहे?"

"काय माहीत. खिरीसारखं. गरम होतं."

होतं...

"तू खाल्लंस?"

"भरून आलं तं काय फेकून देऊ? तिनंबी रीत पाळली, रिकामं नाई पाठवलं." तिनं चमचा चाटला. "काय चव होती, बाई! तुमाले ठेवलं आहे घोटभर. घ्या."

सहदेवरावांनी ते तोंडात घेतलं. त्यांना काहीच लागलं नाही. ना गोड, ना गरम. जिभेवर काही आहे हेसुद्धा गिळल्यावर कळलं.

"छान आहे," ते म्हणाले. एवढी सवय त्यांना होती.

दुसऱ्या दिवशी मायानं कुरड्या पाठवल्या. पाठवल्या, असंच ती म्हणाली. भांडं भरून आलं. मग सरगुंडे. मग कैरीचं लोणचं. भांडं दर खेपेला भरून येत होतं आणि दर खेपेला आधीपेक्षा लवकर येत होतं. माया खूष होती. तिच्या गालांवर तेज आलं होतं. ती दुपारी टीपॉयजवळ बसून हळू आवाजात बोलायची आणि मध्ये थांबायची, समोरच्याचं ऐकताना थांबतात तशी. एकोणतीस वर्षांत तिच्याशी इतकं कोणी बोललं नव्हतं, ही गोष्ट सहदेवरावांना मान्य होती.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी रामरावांना फोन केला.

"दाने टाकले ना?" रामरावांनी विचारलं.

"वड्या टाकल्या. घरच्या."

"चांगलं केलं. ठेवलं कोठी?"

"हॉलमध्ये. दाराजवळ."

पलीकडे खाट करकरली. 

"दाराजोळ?" रामराव म्हणाले. "माय पार आतल्या खोलीत ठेवे. फळीवर. वरून पोतं टाके. परत चाललेलं पायजे, पोचलं नाई पायजे." मग त्यांनी हळूच विचारलं, "भरून आलं का?"

"आलं."

"खाल्लं?"

"बायकोनं खाल्लं. रोज खाते."

"साहेब," रामराव म्हणाले, "मी झालो तवा ते सूप आलं, असं सांगतलं ना तुमाले मी. मडम त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात मेली होती. त्याच बंगल्यात. मायनं खाल्लं. बाळंतीन होती, भुकेली होती. मंग तिनं काई काई पाठवलं. घरात होतं तेवढं. घर गरिबाचं, किती पुरन? आमी जुळे होतो म्हनतात. माझ्यासंगं एक पोरगी झाली होती."

सहदेवरावांनी विचारलं, "मग?"

"मंग काय? मंग मायनं भांडं आत नेलं."

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं काय होतं? छाप कोनती, थे इचारलं होतं."

त्या संध्याकाळी सहदेवरावांनी भांडं उचलून आतल्या खोलीत नेलं. फळीवर ठेवलं, वर चादर टाकली. सकाळी ते टीपॉयवर होतं. चादर धुऊन वाळत घातलेली. माया रागावली नव्हती. ती म्हणाली, "असं कोनाचं भांडं दाबून ठेवाव का? लाज वाटली मले."

त्यांनी ते फोडायचंही ठरवलं. दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं आणि सोडलं. भांडं फरशीवर टेकलं. आवाज झाला नाही. कपचासुद्धा उडाला नाही.

गच्चीवरचं वाळवण संपत आलं होतं. पाऊस तोंडावर, नवीन घालता येत नव्हतं. माया स्वयंपाकघरात एकेक डबा उघडायची, हुंगायची, बंद करायची.

"हे दुकानचं," ती पुटपुटायची. "हे दुकानचं. हे ऑनलाइनचं."

मग ती हॉलमध्ये यायची आणि सहदेवरावांच्या समोर बसायची. खूप वेळ, शांतपणे, त्यांच्याकडे पाहत राहायची. ताजी भाजी निवडताना पाहतात तसं.

"अहो," एकदा तिनं विचारलं, "आपल्या घरचं अजून काय आहे?"

हे सगळं सहदेवरावांनी मला जुलैच्या सात तारखेला, रविवारी, माझ्या घरी बसून सांगितलं. एका सुरात, रजेचा अर्ज वाचून दाखवावा तसं. मी मध्ये दोनदा हसलो. ते थांबले, माझं हसून होऊ दिलं, आणि पुढे सांगू लागले.

मी म्हटलं, मायाला आमच्याकडे आणून सोडा, थोडे दिवस बहिणीजवळ राहील.

"येत नाही ती," ते म्हणाले. "तिला तिथं बरं वाटतं."

"मग तुम्ही या राहायला."

"मी गेलो तर तिच्याजवळ घरचं काय उरेल?"

बायकोनं चहा आणला. त्यांनी कप डाव्या हातानं उचलला, तेव्हा मला पट्टी दिसली. करंगळीला होती. पांढरी, स्वच्छ, नीट बांधलेली. मायाचीच बांधणी. शाळेत शिकवायची तेव्हा मुलांना बांधायची तशी.

पट्टी मला जरा आखूड वाटली. करंगळीच्या मानानं.

माझी नजर तिथे गेलेली त्यांनी पाहिली.

"दुखत नाही," ते म्हणाले.

मग त्यांनी चहा संपवला, कप बशीत नीट ठेवला आणि घड्याळ पाहिलं. तीनच्या आत पोचायला हवं, म्हणाले. ती वाट पाहत असेल.

मी त्यांना अडवलं नाही. अडवायला हवं होतं, हे मला त्या दिवसापासून रोज दुपारी वाटतं.